ॲपवर ९२ टक्के, वहीत सहा ओळी

पत्र :

ताई, आम्ही पुण्यात धायरीला राहतो. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत आहे. गेल्या वर्षापर्यंत तो कोथरूडच्या एका शाळेत जायचा. सिंहगड रोडच्या गर्दीत व्हॅनमधून जाऊन-येऊन रोज अडीच तास मोडायचे. त्यात वर्गातली दोन-तीन मुलं त्याला जाडीवरून चिडवायची. सकाळ झाली की त्याचं पोट दुखायला लागायचं. शेवटी जूनपासून त्याला ऑनलाइन शाळेत घातलं. नऊ ते साडेबारा लाइव्ह तास असतात, नंतर व्हिडिओ आणि चाचण्या. पोटदुखी थांबली. ॲपवर सगळीकडे हिरव्या खुणा आहेत, चाचण्यांमध्ये ९२ टक्के. मी बँकेत नोकरीला आहे, घरी यायला सात वाजतात. मिस्टर हिंजवडीला असतात, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतात. सासरे दिवसभर घरी असतात, पण "हा घरकोंबडा होणार" यापलीकडे काही बोलत नाहीत. दिवाळीत नणंदेची मुलगी राहायला आली होती. तीही सातवीत. दोघं गणितं सोडवत बसली, तर याला व्यस्तप्रमाणाचं साधं गणित मांडता येईना. माझ्या आईला पत्र लिही म्हटलं, तर सहा ओळींत आटोपलं आणि म्हणाला, हात दुखतो. मी घाबरले आहे. शाळा म्हणते, पुढच्या वर्षाची फी जानेवारीत भरली तर सवलत मिळेल. ही शाळा त्याला लागू पडतेय का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.
— एक आई, धायरी

उत्तर :

नमस्कार,

पत्र सविस्तर आहे, पण दोन गोष्टी त्यात नाहीत. ही ऑनलाइन शाळा कोणत्या बोर्डाची आहे ते नाही, आणि मुलाचं स्वतःचं म्हणणं काय आहे तेही नाही. दोन्हींकडे पुढे येते.

आधी माझा कल सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. माझी सगळी नोकरी खडू-फळ्यासमोर गेली. भरलेल्या वर्गाचा गोंगाट मला आवडतो. तरीही ऑनलाइन शाळा म्हणजे थोतांड, असं मी म्हणणार नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सकाळ-संध्याकाळ सराव करणारी मुलगी, लांबलेल्या आजारातून उठणारा मुलगा, सतत बदल्या होणाऱ्या घरातली मुलं, यांना तिचा खराखुरा उपयोग होतो. कुणी न सांगता पुस्तक उघडून बसणारी मुलंही असतात. थोडी असतात, पण असतात. तुमचा मुलगा त्यांतला आहे का, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पोटदुखीपासून सुरुवात करू. ती थांबली ही मोठी गोष्ट आहे आणि सासऱ्यांनी काहीही म्हटलं तरी ती कमी लेखू नका. रोज सकाळी पोटात गोळा येणारं मूल काही शिकू शकत नाही. पण या सुधारणेचं श्रेय तुम्ही ऑनलाइन शाळेला देताय, ते मला पटत नाही. ते श्रेय जुनी शाळा सुटल्याचं आहे. व्हॅन सुटली, चिडवणारी मुलं सुटली, म्हणून पोट दुखायचं थांबलं. घराजवळच्या बऱ्या शाळेत तो चालत गेला असता तरी कदाचित थांबलंच असतं. तुम्ही तुलना करताय ती कोथरूडची ती शाळा आणि घरातला लॅपटॉप या दोघांची. धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर इथल्या शाळा त्या तुलनेत कुठेच नाहीत. सायकलवर जाता येईल अशी शाळा तुम्ही पाहिली आणि नापसंत केली, की पाहिलीच नाही? पत्रावरून मला दुसरं वाटतं. पुण्यात शाळेचं नाव मोठं असेल तर पालक मुलाला शहराच्या या टोकाहून त्या टोकाला पाठवतात आणि मग रस्त्याला दोष देतात, हे मी फार पाहिलंय.

आता त्या हिरव्या खुणा. ॲप काय मोजतं ते जरा बघा. मूल किती वाजता आलं, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला का, चाचणी दिली का. चाचणी बहुतेक वेळा चार पर्यायांतून एक निवडण्याची. चुकलं तर पुन्हा देता येते का, तेही तपासा, कारण पुन्हा देता येत असेल तर ९२ टक्क्यांना फारसा अर्थ उरत नाही. हे सगळं रिक्षाच्या मीटरसारखं आहे. किती अंतर कापलं ते कळतं, जिथे जायचं होतं तिथे पोचलो का ते कळत नाही. मुलगा लबाडी करतो असं मुळीच म्हणायचं नाही मला. चार उत्तरं समोर असताना बरोबर ओळखणं हे एक काम आहे आणि कोऱ्या पानावर पहिली पायरी मांडणं हे दुसरं. पहिल्यात तो तरबेज झाला असेल. दुसरं त्याच्याकडून कुणी करून घेतलंय का?

दिवाळीतल्या गणितावर मात्र लगेच विसंबू नका. समप्रमाण व व्यस्तप्रमाण हा धडा बालभारतीच्या सातवीच्या गणितात आहे. सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांत तो वर्षानुवर्षं आठवीत शिकवला जात होता. भाची राज्य मंडळाच्या शाळेत असेल आणि तुमची ऑनलाइन शाळा दुसऱ्या अभ्यासक्रमाची असेल, तर तिला येतं आणि याला येत नाही यातून काहीच सिद्ध होत नाही. बिचाऱ्याला न शिकवलेलं विचारलंत असंही असू शकेल. सहा ओळींचं पत्र मात्र खरा पुरावा आहे. त्याला बोर्ड लागत नाही.

म्हणून फी भरण्याआधी तीन आठवडे काढा आणि स्वतः तपासणी करा. त्याला परीक्षा म्हणू नका, नाहीतर पोट पुन्हा दुखेल.

त्याच्या शाळेत महिन्याभरापूर्वी शिकवून झालेला एक धडा घ्या. काल शिकवलेला नको, कालचं कुणालाही आठवतं. वही मिटलेली, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत. कोऱ्या कागदावर तीन गणितं घाला आणि त्याला म्हणा, उत्तर नाही आलं तरी चालेल, पण तू काय विचार करतोयस ते मोठ्याने बोल. तुम्ही बँकेत आहात. सरळव्याज शिकवून झालं असेल तर घरातल्याच एखाद्या ठेवीचा आकडा द्या, पुस्तकातला नको. अडला तर कुठे अडतो ते बघा. गुणाकारात चुकला तर ती फार चिंतेची गोष्ट नाही. पण कशाला कशाने गुणायचं हेच सुचत नसेल, तर ९२ टक्के कागदावरच आहेत असं समजा. ॲप उघडून "हे व्हिडिओत होतं, दाखवतो" असं तो म्हणाला तर त्याकडेही लक्ष द्या. त्याला कुठे आहे ते माहीत आहे, काय आहे ते माहीत नाही.

लिहिण्याचं वेगळं बघावं लागेल. एका दिवशी वीस मिनिटं सलग लिहायला सांगा. विषय त्याच्या आवडीचा असू दे, क्रिकेट, गाड्या, सिंहगडावरचं पिठलं-भाकरी, काहीही. किती ओळी झाल्या, अक्षर कुठून बिघडायला लागलं, कधी हात झटकला, एवढं पाहून ठेवा. आपल्याकडे दहावीला प्रथम भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, गणिताचे दोन भाग प्रत्येकी दोन तासांचे. मुक्त विद्यालयातून गेलात तरी बोर्डाचा पेपर पेनानेच लिहायचा असतो. सातवीतल्या मुलाचा हात सहा ओळींत दुखतो, तर ते त्याच्या आळसाचं लक्षण नाही, सवय मोडल्याचं आहे. कोरोनात मार्च २०२० पासून बंद राहिलेल्या शाळा पुन्हा भरल्या तेव्हा वर्गावर्गात हेच दिसलं होतं. तोंडी उत्तरं फटाफट, वही मात्र कोरी. सुदैवाने ही गोष्ट लवकर भरून निघते. रोज अर्धा तास वहीत लिहिण्याचा ठेवला की महिन्या-दीड महिन्यात हात वळणावर येतो. महिना उलटला तरी दुखणं तसंच राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मग तो शाळेचा प्रश्न नाही.

सासऱ्यांना कामाला लावा. दुपारी जेवण झाल्यावर नातवाने त्यांना दहा मिनिटं आज विज्ञानात काय झालं ते सांगायचं, स्क्रीनशिवाय. आजोबांनी मध्ये मध्ये "असं का?" एवढंच विचारायचं. शेरेबाजी नाही. मुलाला खरंच कळलेलं असेल तर तो हातवारे करतो, उदाहरणं शोधतो, चुकून दुसऱ्याच गोष्टीकडे वळतो. कळलेलं नसेल तर व्हिडिओतली वाक्यं जशीच्या तशी येतात, मधूनच इंग्रजीत, आणि "असं का?"ला उत्तर येत नाही. आजोबांना फरक लगेच ऐकू येईल. पोपटपंची ओळखायला शिक्षक असावं लागत नाही.

मिस्टरांसाठीही काम आहे. ते घरून काम करतात त्यांपैकी एका दिवशी त्यांनी सकाळचा एक पूर्ण तास कॅमेऱ्याच्या बाहेर बसून ऐकावा. त्या तासात मुलगा किती वेळा बोलला? शिक्षिकेने त्याला नावाने हाक मारली का? कॅमेरा चालू होता की बंद? वर्गात मुलं किती? पन्नास-साठ मुलं म्यूटवर आणि एक आवाज, असं असेल तर तो लाइव्ह तास नाही, तो व्हिडिओच आहे, फक्त मागे नेता येत नाही इतकंच.

यानंतरचं काम जरा अवघड आहे, पण मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्याच्या गणिताच्या आणि भाषेच्या शिक्षकांशी दहा-दहा मिनिटं बोला. पालक-संपर्क अधिकाऱ्याशी नको, शिक्षकांशी. त्यांना विचारा, गेल्या महिन्यात माझ्या मुलाची कोणती चूक तुमच्या लक्षात आली? "तो अपूर्णांकांची वजाबाकी करताना चिन्ह विसरतो", "लिहिताना वाक्य अर्धं सोडतो", असं काही नेमकं ऐकायला मिळालं तर समजा की पलीकडे माणूस आहे आणि तो तुमच्या मुलाकडे बघतोय. "नियमित आहे, शांत आहे, छान प्रगती आहे" असं ऐकायला मिळालं तर त्यांनीही ॲपच उघडून पाहिलं आहे. त्याने लिहिलेल्या उत्तरावर कुणी स्वतःच्या शब्दांत काही लिहिलंय असा एक तरी कागद दाखवा म्हणा. (साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या कितीतरी भिंतींच्या शाळाही या प्रश्नाला नापास होतील, हे मला माहीत आहे. नवीन शाळा बघायला जाल तेव्हा तिथेही हाच प्रश्न विचारा.)

आता वेळेचा हिशेब. कोरोनात, जुलै २०२० मध्ये केंद्राने ऑनलाइन वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास सांगितले होते, नववी ते बारावीला चार. त्या सूचना त्या काळापुरत्या होत्या, तरी बारा वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर किती बसवावं याचा तो एक अंदाज होता. तुमचा मुलगा सकाळी साडेतीन तास बसतो आणि पुन्हा दुपारी व्हिडिओ बघतो. डोळ्यांची तपासणी शेवटची कधी केली होती? वाढत्या वयात दिवसाउजेडी बाहेर घालवलेला वेळ चष्म्याचा नंबर लागण्यापासून काहीसं संरक्षण देतो, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. व्हॅनचे अडीच तास वाचले म्हणता, ते कुठे गेले ते एकदा बघा. मैदानावर गेले असतील तर उत्तम. मला वाटतं ते त्याच खुर्चीत गेले.

आणि साडेबारा ते संध्याकाळी सात या वेळात शाळा कोण चालवतं? हे टोचणार आहे, पण विचारायलाच हवं. अमेरिकेत पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या सरकारी अनुदानाच्या शाळा बऱ्याच वर्षांपासून आहेत. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या मुलांची तुलना साध्या शाळांतल्या त्यांच्यासारख्याच मुलांशी केली. ऑनलाइन मुलं वाचनात वर्षाला ७२ दिवसांच्या अभ्यासाइतकी मागे होती आणि गणितात १८० दिवसांच्या. शाळेचं वर्षच १८० दिवसांचं धरलेलं होतं, म्हणजे गणितात वर्षच गेलं म्हणायचं. त्याच अभ्यासमालेत असंही दिसलं की त्या शाळांत मुलांना आठवड्याभरात शिक्षकांचा जेवढा प्रत्यक्ष वेळ मिळतो, त्यापेक्षा जास्त वेळ साध्या शाळेतल्या मुलाला एका दिवसात मिळतो. उरलेलं काम पालकांनी करायचं, हे तिथे गृहीतच असतं.

ही सरासरी आहे, देश वेगळा आहे, तुमच्या शाळेत शिक्षकांचा वेळ त्यांच्यापेक्षा बराच जास्त आहे. तेव्हा आकडे तुमच्या मुलाला चिकटवू नका. त्यामागचं कारण मात्र इथेही लागू आहे. ऑनलाइन शाळा चालते ती घरात कुणीतरी मोठं माणूस अर्धवेळ शिक्षक झालेलं असतं तिथे. वेळापत्रक बघणं, "आता वही काढ" म्हणणं, अडलं की शेजारी बसणं, पेंगला की उठवणं, ही सगळी कामं वर्गात बाई करतात आणि कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. तुमच्या घरात ती कुणीच करत नाही. हा तुमचा दोष नाही. तुम्ही बँकेत आहात, मिस्टर ऑफिसात आहेत, आजोबांना कुणी सांगितलेलंच नाही. पण जून ते दिवाळी एक बारा वर्षांचा मुलगा स्वतःचा हेडमास्तर होता, हे विसरू नका. तसं बघितलं तर त्याने बरंच निभावलंय.

गुरुवारी महावितरणने वीज घालवली की तुमच्याकडे तास कसा होतो, हेही सहज विचारते. कारण त्या दिवशी तो काय करतो हे ऐकण्यासारखं असेल. पुस्तक घेऊन बसतो, की वीज यायची वाट बघतो?

आता बोर्ड. "आमची शाळा ऑनलाइन आहे" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो आणि जाहिरातीत याचंच उत्तर बारीक अक्षरात असतं. सीबीएसईची संलग्नता जागा, इमारत, वर्गखोल्या असलेल्या शाळेला मिळते आणि बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. तेव्हा "सीबीएसईच्या अभ्यासक्रमावर आधारित" आणि "सीबीएसईशी संलग्न" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसत्या ऑनलाइन शाळांतली मुलं दहावीला बहुतेक वेळा राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून बसतात, किंवा केंब्रिजसारख्या परदेशी मंडळाच्या परीक्षेला एखाद्या केंद्रातून खासगी उमेदवार म्हणून. एनआयओएस १९८९ पासून आहे, केंद्र सरकारची आहे, वर्षातून दोनदा परीक्षा घेते, तिचं प्रमाणपत्र पुढच्या प्रवेशांना चालतं, पुण्यात तिचं विभागीय केंद्रही आहे. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं. राज्य मंडळाकडेही १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तेव्हा "मुलाचं पुढे काही होणारच नाही" असं कुणी घाबरवलं तर घाबरू नका. रस्ते आहेत. पण तुमचा रस्ता यांपैकी कोणता, ते शाळेने आज लेखी सांगायला हवं, नववीत गेल्यावर नको.

शाळेकडून तीन गोष्टी ईमेलवर मागा. मान्यता कुणाची, यूडायस क्रमांक आहे का (मान्यताप्राप्त शाळेचा तो अकरा आकडी असतो), आणि मुलाला शाळा सोडल्याचा दाखला कोणाच्या नावाने मिळेल. फोनवर तोंडी उत्तर घेऊ नका. जुन्या शाळेतून दाखला काढला असेल तर मूळ प्रत तुमच्याकडेच ठेवा, आणि काढला नसेल तर तिथल्या ऑफिसात जाऊन मुलाची नोंद सध्या काय म्हणून आहे ते विचारून या.

याची घाई का, तर पुढचं वर्ष आठवीचं आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा सहा ते चौदा वयाच्या मुलांना आठवीपर्यंत वयाला साजेशा वर्गात प्रवेशाचा हक्क देतो, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही. नववीपासून हे छत्र नाही. तिथे आधीच्या इयत्तेचा दाखला, गुणपत्रक, मान्यता, सगळं बघतात आणि चांगल्या शाळांत नववीला जागाही मोजक्याच असतात. म्हणजे परत यायचं असेल तर येत्या जूनसारखी सोपी वेळ पुन्हा नाही. ऑनलाइनच चालू ठेवायचं असेल तर ते दहावीपर्यंत, असं धरूनच ठरवा. "अजून एक वर्ष बघू" हा पर्याय तुमच्याकडे खरं तर नाही. गंमत म्हणजे दिल्ली सरकारने २०२२ मध्ये व्हर्च्युअल शाळा काढली ती नववी ते बारावीसाठी, लहान वर्गांसाठी नाही. त्या वयाला मुलं थोडी तरी आपली आपण अभ्यासाला बसतात.

घरकोंबड्याबद्दल. आजोबांची भाषा सोडा, मुद्दा बरोबर आहे. मित्र करणं, भांडणं, पुन्हा बोलायला लागणं, डब्यातली भाजी बदलून घेणं, हे या वयात शिकायचं असतं आणि ते स्क्रीनवर शिकता येत नाही. पण त्यासाठी शाळाच हवी असंही नाही. रोज संध्याकाळी तासभर सोसायटीतल्या किंवा मैदानावरच्या पोरांत, आणि आठवड्यातून दोनदा ठरलेल्या गटात काहीतरी, खो-खो, तबला, पोहणं. विज्ञानाची आवड असेल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी कार्यक्रम असतात, तिकडे चौकशी करा. सध्या यांपैकी काहीही चालू नसेल, तर ते ऑनलाइन शाळा ठेवा वा सोडा, या आठवड्यात सुरू करा.

चिडवण्याचा प्रश्न सुटलेला नाही, फक्त दूर गेलाय. हे त्याला सांगायची गरज नाही, तुम्हाला माहीत असावं. नवीन शाळेत जाताना मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना आधीच भेटा, मुलासमोर नव्हे. जे झालं ते सांगा आणि कुणाकडे तक्रार करायची ते नाव विचारून घ्या. ते जर म्हणाले, "मुलं आहेत, चालायचंच," तर ती शाळा यादीतून काढा, तिचा निकाल कितीही चांगला असो.

राहता राहिला मुलगा. त्याला "ऑनलाइन शाळा आवडते का?" असं विचारू नका. तो हो म्हणेल. नाही म्हटलं तर पुन्हा ती व्हॅन, असंच त्याच्या डोक्यात असणार. त्याऐवजी विचारा, दिवसातला कोणता वेळ सगळ्यांत लांब वाटतो? अडलं की कुणाला विचारतोस? वर्गातल्या कुणाचा आवाज ओळखतोस? आणि घराजवळ, सायकलने जाता येईल अशी, ती मुलं नसलेली शाळा असती तर? हे एकदम नको, चार दिवसांत सहज विचारा. शेवटच्या प्रश्नावर तो गप्प बसला तर लगेच विषय बदला, दोन दिवसांनी तो स्वतःच काढेल.

तुम्ही हो किंवा नाही मागितलं होतं. पत्रात जेवढं आहे तेवढ्यावर माझं उत्तर : या शाळेने त्याला बरं केलं, शिकवलंय असं दिसत नाही, आणि तुमच्या घराच्या सध्याच्या वेळापत्रकात ती पुढेही शिकवू शकेल असं मला वाटत नाही. मी तुमच्या जागी असते तर हे वर्ष इथेच नीट पुरं केलं असतं, रोज वही लिहून घेतली असती, आणि आठवीसाठी दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या शाळा आत्तापासून बघायला लागले असते, कारण बऱ्याच शाळांचे प्रवेश हिवाळ्यातच सुरू होतात. तीन आठवड्यांच्या तपासणीत वेगळं दिसलं, म्हणजे गणित कोऱ्या पानावर उमटलं, आजोबा म्हणाले की पोरगं छान समजावतं, शिक्षिकेने त्याची चूक नेमकी सांगितली आणि दुपारी त्याच्याजवळ बसणारं माणूस घरात ठरलं, तर माझं उत्तर खोडा आणि खुशाल पुढे चला. यातलं शेवटचं नसेल तर आधीची तीन पुरेशी नाहीत.

जानेवारीच्या सवलतीचं दडपण घेऊ नका. शाळेला लिहा, आम्ही मार्चमध्ये कळवतो. ऐकलं नाही तर ती सवलत सोडा. आणि भरायचं ठरलंच तर पूर्ण वर्षाची फी भरू नका, पहिल्या सत्राचीच भरा. जूनपर्यंत प्रवेश रद्द केला तर किती रक्कम परत मिळेल ते भरण्याआधी लेखी घ्या, पावती शाळेच्या नावाची मागा, आणि फीसाठी एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज किंवा हप्ते पुढे केले तर सही करू नका. तुम्ही बँकेत आहात, ते का ते मी सांगायला नको.